बॉटल मसाल्याचं खोकं

पॉलीनने फळीला नाक लावलं आणि राजलक्ष्मी घाबरली. आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाई आपल्याच घरच्या खोक्यातून झालेली मांडणी बघायला आली होती. वाकली, डोळे मिटले, आणि तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी तशी तिने वरची फळी हुंगली. पण हुंगून झाल्यावर डोळे लगेच उघडले नाहीत, आणि उघडले तेव्हा ती मांडणीकडे न बघता गॅलरीच्या कठड्याकडे बघत राहिली. "छान झालंय गो," ती म्हणाली. "एकदम शोरूमसारखं." मग जरा थांबून, "वास गेला ना याचा?" आणि राजलक्ष्मी पटकन म्हणाली, "छे गं, येतोय की. बारीक येतोय." बोलून बसली. जिभेला सवयच लागली होती तशी. कुणी वासाचं काढलं की हो म्हणायचं, वा म्हणायचं, काय घमघमाट सुटलाय म्हणायचं. पॉलीनने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला येतो? मला नाय येत," एवढंच म्हणाली, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मुलगा, जोएल, गाडी घेऊन येईल तेव्हा नेऊ म्हणाली, आणि जिना उतरून गेली. चहा न घेता. शाळेपासूनच्या मैत्रीत पॉलीन या घरातून चहा न घेता गेल्याचं राजलक्ष्मीला आठवेना.

तर गोष्ट अशी होती की राजलक्ष्मीला वास येत नव्हता. कुठलाच नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत चार दिवस ताप आला, उतरला, आणि एके सकाळी तिने तेलात हिंग टाकला तर हिंग नुसताच तडतडला. ती कढईवर वाकून उभी राहिली. गोडं तेल, हिंग, कढीलिंब, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बिल्डिंगमध्ये आणखी दोघातिघांचं गेलं होतं, त्यांचं महिन्याभरात परत आलं. हिचं गेलं ते गेलंच. आणि हे तिने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. का, तर लाज. हसायचं काम नाही. प्रभूंच्या घरातली बाई, मासळीवर आणि संबार मसाल्यावर पोसलेली; जिन्याच्या पहिल्या पायरीवरून ती सांगायची, दुसऱ्या मजल्यावर आज बोंबील आहेत आणि तेही कालचे. सगळ्या गिरगावात तिच्या नाकाचा दरारा. अशा बाईने कोणत्या तोंडाने म्हणायचं, की आता माझ्यापुढे अत्तराची बाटली धरा नाहीतर रॉकेलची, मला सारखंच? म्हणून ती युक्त्या शिकली. मासळी बोटाने दाबून आणि कल्ले उघडून घ्यायची. फोडणीचा अंदाज कानाने. आणि कुणी डबा पाठवला की झाकण उघडल्याबरोबर, अजून चमचा लावायच्या आत, "अहाहा!" पॉलीनच्या डब्यांना तर दोन वेळा अहाहा. पॉलीनने ख्रिसमसला धाडलेलं मटण तिने गेली काही वर्षं गरम, तिखट, मऊ एवढ्या तीन शब्दांत खाल्लं होतं आणि फोनवर मात्र पाच मिनिटं वाखाणलं होतं.

नवल म्हणजे, या सगळ्यात ती दुःखी नव्हती. आधी झाली होती, चांगलीच झाली होती. पण त्याच वर्षी खालच्या कागदवाल्याने दुकान आवरताना लाकडी खोकी फुटपाथवर टाकली, आणि कुंड्या ठेवायला बरं म्हणून तिने एक वर आणलं. खरखरीत, खिळे निघालेलं, कुसळं वर आलेलं. हाताला लागू नये म्हणून तिने पॉलिश पेपर घेऊन एक कड घासली. मग दुसरी. दुपार कधी सरली कळलं नाही. संध्याकाळी फळीवरून तळहात फिरवला तेव्हा अंगावर काटा आला, इतकं ते गुळगुळीत लागलं. काहीतरी बंद झालेलं दार दुसरीकडून उघडावं तसं झालं. नाकाची जागा हातांनी घेतली म्हणा ना. पुढे खिळे उपटायचा अंबूर आला, पटाशी आली, विजेचा सँडर आला. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून यंत्रांच्या पॅकिंगची खोकी मिळतात असं कळल्यावर ती यतीनला, म्हणजे नवऱ्याला, टॅक्सीत घालून तिथे जाऊ लागली. यतीन सॉलिसिटरच्या ऑफिसातून रिटायर झालेला, पांढऱ्याशुभ्र शर्टाचा माणूस. टॅक्सीच्या टपावर खोकी बांधताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "लोकांच्या बायका दागिने मागतात," तो टॅक्सीवाल्याला सांगायचा. "आमची खोकी मागते. स्वस्तात सुटलो." दादरच्या मावसबहिणीला पुस्तकांची मांडणी, लालबागच्या बकुळाला चपलांचं कपाट, कुणाला दिव्याची शेड, कुणाला कुंड्यांची शिडी, असं करत मागची गॅलरी म्हणजे कारखाना झाली. आणि कारखान्याचा नियम एकच: जाड पेपर, मध्यम पेपर, बारीक पेपर, आणि शेवटी हात फिरवला की रेशीम लागलं पाहिजे. जुनेपणाचा मळ दिसला की तिचे हात शिवशिवायचे.

त्या शिवशिवणाऱ्या हातांनीच घात केला होता. आत्ता, पॉलीन गेल्यावर, गॅलरीतल्या स्टुलावर बसून ती मांडणीकडे बघत होती आणि एकेक गोष्ट उलगडत होती. पॉलीन ते खोकं घेऊन आली तेव्हा काय म्हणाली होती? "तू सगळ्यांचं करतेस, आता माझं कर. नव्या किचनमध्ये लावायला. पण जास्त काय करू नको हां गो." जास्त काही करू नको. यजमानीण वाढायला आली की पानावर हात आडवा धरत आपण म्हणतो ना, पुरे, आता नको. आणि ती वाढतेच, वाढलं नाही तर आपल्यालाच राग येतो. राजलक्ष्मीने ते तसंच ऐकलं. संकोच करतेय, म्हणाली मनाशी, आणि दुप्पट केलं. खोकं होतं बिअरच्या बाटल्यांचं, जुन्या काळचं, आत बारा बाटल्यांचे कप्पे. लाकूड आत लालसर झालेलं. तिला वाटलं, गंज, मळ, वर्षानुवर्षांची घाण. सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं, तोंडाला मास्क लावून सँडर फिरवला. यंत्राच्या पिशवीत तांबडी भुकटी जमली ती तिने झटकून कचऱ्यात टाकली. कप्प्यांच्या पातळ पट्ट्या आणि तळाची फळी फारच मळकी म्हणून काढूनच टाकली आणि मांडणीला नवीन पाइनची पाठ लावली. वर पॉलिशचे दोन हात. तांबडी भुकटी! अगं मूर्खे, तो मसाला होता. पन्नास-साठ वर्षांचा बॉटल मसाला, लाकडात मुरलेला.

आणि मग ते सगळं आलं. वास नाही आला, वासाभोवतीचं सगळं आलं. मे महिन्यातली खोताची वाडी. लाकडी घरांच्या पुढच्या ओट्यांवर चटया, चटयांवर मिरच्या, आणि "पाय देशील तर याद राख" म्हणणारी पॉलीनची मम्मा. परकर सावरत मिरच्यांच्या कडेकडेने चालायचं. मसाला कुटायला बायका यायच्या, उखळात मुसळं एकामागून एक पडायची आणि एक मुसळ दुसऱ्याला कधी लागायचं नाही. मम्मा भाजायला बसायची, एकेक जिन्नस वेगळा, आणि कशाचं किती ते कुणाला सांगायची नाही. मसाला तयार झाला की तपकिरी बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, वारा राहता कामा नये, आणि बाटल्या या खोक्यात, खोकं जिन्याखालच्या काळोखात. दोघी मुली जिन्याखाली जाऊन बसायच्या. अभ्यासाला म्हणून, खरं म्हणजे गारव्याला. तिथेच पॉलीनने तिला सांगितलं होतं की आल्बर्ट नावाचा मुलगा चर्चमध्ये आपल्याकडे बघतो. त्या वेळी जिन्याखाली कसला वास होता? होता एवढं ठाऊक होतं. रंग आठवत होता, पॉलीनच्या फ्रॉकची निळी लेस आठवत होती, खोक्याची कड मांडीला टोचायची ती आठवत होती. वास आठवायला गेलं की मधेच भिंत. म्हणजे नुसतं नाकच गेलं नव्हतं तर, मागचंही खात खात चाललं होतं. हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

आता त्याच आल्बर्टचे, पॉलीनच्या नवऱ्याचे, गुडघे गेले होते. वाडीतल्या घराचा जिना त्याला चढवेना, म्हणून जोएलने परळला बाविसाव्या मजल्यावर दोघांसाठी जागा घेतली होती, लिफ्टची, आपल्या शेजारीच. पॉलीन खूश होती. खरंच होती, समुद्र दिसतो म्हणून चारचारदा सांगायची. एकच गोष्ट एकदा म्हणाली होती, "तिथे मिरची भाजली तर वॉचमन फायर ब्रिगेड बोलवेल गो." यंदाच्या मेमधला मसाला वाडीतला शेवटचा. बाटल्या आज ना उद्या संपणार. राहणार होतं ते खोकं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जाता-येता नाकाला लागणारं. एवढ्यासाठीच तिने ते आणून दिलं होतं, आणि राजलक्ष्मीने ते धुऊन पुसून, रेशीम करून, शोरूमसारखं करून ठेवलं. वर खोटं बोलली. पॉलीनला काय वाटलं असेल? लक्ष्मीला माझी एवढी साधी गोष्ट कळली नाही, आणि कळली नाही तर नाही, तोंडावर थाप मारली. जन्माची मैत्रीण परळला निघाली होती, लांब नाही काही, टॅक्सीने अर्धा तास; पण हे असं मनात घेऊन गेली तर मग परळही फार लांब.

एकदा ती मुद्दाम लालबागला गेली होती, मसाल्याच्या गल्लीत. बकुळाकडे जाते सांगून. मनात आशा अशी की इथे तर दगडालाही वास येईल. मिरचीचं कांडप चाललं होतं, हवा तांबडी, लोक नाकाला रुमाल लावून चाललेले; ही मात्र दुकानासमोर देवळात उभं राहावं तशी उभी, लांब लांब श्वास घेत. वास नाही. पण शिंका! एकीमागून एक, डोळ्यांतून पाणी, धाप लागली. कांडपवाला आतून ओरडला, "अहो काकू, मरायचंय का? बाजूला व्हा!" ती बाजूला झाली, उसाचा रस प्यायली, आणि परत येताना बसमध्ये हसत होती. नाकाला मिरची कळते पण मिरचीचा वास कळत नाही. हा काय न्याय झाला? ते हसू आत्ता आठवलं आणि त्याच्या मागून दुसरं काहीतरी मनात येऊ पाहत होतं, तेवढ्यात यतीन दुधाचं पातेलं घेऊन गॅलरीच्या दारात आला. पातेल्यात नाक घातलं, मान हलवली आणि चहा टाकायला गेला. हे तो रोज करायचा. तिने पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं. रोज दूध हुंगायचा, झोपण्याआधी गॅसचा नॉब बघायचा, उरलेली आमटी तिने गरम करायच्या आत झाकण काढून, "ही मला दे, मीच संपवतो," म्हणून कधी खायचा आणि कधी गुपचूप मोरीत ओतायचा.

"तुला कधी कळलं?" तिने आत जाऊन विचारलं.

"काय?"

"सोंग नको करूस. माझ्या नाकाचं."

यतीनने आलं किसता किसता वर पाहिलं. "तू माझ्या वाढदिवसाला कुबट रव्याचा शिरा केलास तेव्हा. सगळा खाल्ला मी."

"आणि बोलला नाहीस?"

"तू बोलली नाहीस, मी कशाला बोलू? तुझं नाक, तू सांगशील." आणि मग, चहा गाळता गाळता, "पॉलीनला सांग मात्र. ती काही तुझा नवरा नाही, शिरा गिळून गप्प बसायला."

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू, आणि हसता हसता छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. चार वर्षं एकटीने उचललेलं ओझं, त्याचं दुसरं टोक या माणसाने मुकाट धरलेलं होतं.

रविवारी सकाळी तिने गॅलरीतलं पोतं उपडं केलं. नको असलेल्या फळ्या ती टाकत नसे, वाडीच्या होळीला द्यायला साठवत असे. पॉलीनच्या खोक्याची तळाची फळी त्यातच होती, हे नक्की. पण पोत्यात तसल्याच मळक्या, तसल्याच मापाच्या कितीतरी फळ्या. आंब्याच्या पेट्यांच्या, यंत्रांच्या खोक्यांच्या, सगळ्या धुळीने एकरंगी झालेल्या. तिने हात फिरवून पाहिला. हातांना खरखरीत कळत होतं, कुणाचं खरखरीत ते कळत नव्हतं. इथे नाकच हवं होतं. यतीनला बोलवावं म्हणून ती उठली, आणि थांबली. हे नाक पॉलीनचंच हवं. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला आणि जिन्यात पॉलीनची ती जड, एका पायरीवर दोन पाय ठेवणारी चाल ऐकू आली.

पॉलीन आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. मिस्सा झाल्यावर सगळी वाडी निरोप द्यायला आली होती. "रडून रडून नळ झालाय नाकाचा," ती म्हणाली. "दे लवकर. आल्बर्ट गाडीत बसलाय, परत उतरवायचा म्हणजे क्रेन लागेल." आणि फळ्यांचा पसारा बघून, "हे काय?"

"पॉलीन, बस. मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच नाही. कोविडपासून. तुझं मटण, तुझे तळलेले फुगे, तुझा केक, कशाचाच नाही. परवा थाप मारली. गेली चार वर्षं मारतेय."

पॉलीन खाली बसली. रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाली, "ख्रिसमसचं मटण?"

"मऊ होतं."

"जीजस!" पॉलीन म्हणाली. "खाली लागलेलं, करपट वास येत होता, सगळे बोंबलले. तू एकटी तेवढी पाच मिनिटं वा वा करत होतीस. मी आल्बर्टला बोलली, बघ, चव फक्त लक्ष्मीला कळते." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने राजलक्ष्मीचं नाक चिमटीत धरून हलवलं, शाळेत धरायची तसं. "मला सांगायचं ना गो. मी वाईट वाटून घेतलं. मला वाटलं, मला उडवून लावलंस."

"तुझी तळाची फळी यात आहे. घासलेली नाही. मला ओळखता येत नाही. तू हुंगून सांग, मी मांडणीला पाठ म्हणून लावते. पाच मिनिटांचं काम."

पॉलीनने पहिली फळी नाकाशी नेली. दुसरी नेली. मग हताश होऊन तिच्याकडे बघितलं. "चोंदलंय. काय पण येत नाय." झालं. दोन बाया, दोन नाकं, आणि दोन्ही निकामी. खाली जोएलने परत हॉर्न वाजवला. राजलक्ष्मीच्या मनात परवापासून येऊ पाहत होतं ते आत्ता आलं: लालबागची गल्ली. तिने जाड पेपरचा तुकडा उचलला, मास्क बाजूला टाकला, आणि पहिल्या फळीची कड जराशी घासून भुकटी तळहातावर घेतली, नाकाशी नेली. काही नाही. दुसरी. काही नाही. पॉलीन तोंड उघडं टाकून बघत होती. आणखी एक, आणखी एक. आणि मग एका फळीच्या फटीतून भुकटी निघाली ती तिने नाकाशी नेली मात्र, नाकाच्या मुळाशी एक बारीकशी ठिणगी पडली, डोळे भरून आले, आणि अशी शिंक आली की कठड्यावरचं कबूतर उडालं.

"हीच!" ती ओरडली, आणि पुन्हा शिंकली.

आता या घरात शिंकेचा कायदा कडक. निघायच्या वेळी कुणी शिंकलं की चपला काढून बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. यतीनचं ऑफिस, लोकांच्या परीक्षा, कशाकशाला त्यातून सूट नव्हती. पॉलीन तर या कायद्यात वाढलेली. मॅट्रिकच्या पेपरला निघताना मम्माने छातीवर क्रूस केला होता, आणि तरीही शिंक झाली म्हणून दोघींना बसवून ठेवलं होतं. तिने निमूट चपला काढल्या आणि भिंतीला टेकून पाय पसरले. यतीन पाणी घेऊन आला, मग चहा घेऊन. राजलक्ष्मीने मांडणीची नवी पाठ उचकटली, आणि तिच्या जागी ती मळकी, ओबडधोबड, कुसळं निघालेली फळी धरून स्क्रू पिळायला घेतले. हात शिवशिवत होते. तिने त्यांना दामटून बसवलं. चहाची वाफ घेऊन घेऊन पॉलीनचं नाक सुटलं, तशी ती पुढे सरकली, वाकली, डोळे मिटले. या वेळी ती खूप वेळ तशीच राहिली.

"येतो?" राजलक्ष्मीने विचारलं.

"येतो."

"मग सांग मला. नीट सांग. काही गाळू नकोस."

पॉलीनने डोळे उघडले नाहीत. "पहिली मिरची... नाय, मिरची मागून येते. पहिला जिन्याखालचा गारवा येतो, ओल्या गोणपाटासारखा. मग खसखस, भाजलेली. मग डॅडीची बिअर, एकदम थोडी. मग हळद, मम्माच्या बोटांना असायची ती. आणि तुझ्या डोक्याचं खोबरेल तेल गो. मांडीवर पुस्तक घेऊन बसायचीस." ती बोलत होती आणि राजलक्ष्मी स्क्रू पिळायचा थांबून ऐकत होती. वास आला नाही. भिंत होती तिथेच होती. पण भिंतीपलीकडून ओळखीचं माणूस बोलत होतं, आणि सगळं ऐकू येत होतं. फार बरं वाटलं तिला.

मग मांडणी तयार झाली, पुढून रेशीम, पाठीमागून खोताची वाडी. पॉलीन उठली, चपला घातल्या, एक बाजू तिने धरली, एक राजलक्ष्मीने. दाराशी पोचल्या, आणि उंबऱ्यावर राजलक्ष्मी पुन्हा शिंकली. ही शिंक मसाल्याने आली की कशाने, ते तिचं तिला ठाऊक. पॉलीनने तिच्याकडे पाहिलं, मांडणी खाली ठेवली आणि चपला काढल्या. खाली हॉर्न वाजतच होता. यतीन खांद्यावरचा पंचा सावरत रस्त्याकडच्या खिडकीशी गेला आणि वाकून ओरडला,

"जोएल, गाडी बंद कर रे! पुन्हा शिंक झाली."